पाचपैकी सहा

नानांना मेटॅलिका आवडत नाही असं नाही. मेटॅलिका सगळ्यांनाच आवडते, हा त्यांचा मेटॅलिकावरचा आक्षेप आहे. मॉलमध्ये तीन वर्षांच्या पोरांच्या टीशर्टवर जे नाव छापून येतं त्याला आपल्या कानांची काय गरज, असं ते विचारतात. नानांचे कान, ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी राखीव आहेत.

पेशाने नाना एका सहकारी बँकेच्या वसुली खात्यात अधिकारी. ठाण्याला आमच्याच मजल्यावर राहतात. वय पंचावन्नच्या पुढे. डोक्यावरचे केस कानांमागे काय उरले असतील तेवढेच, पण तेवढे मात्र हट्टाने वाढवलेले. अंगात बँकेला शोभेल असा पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि त्याच्या आत बँडचा काळा टीशर्ट. आतला काळा बाहेरच्या पांढऱ्यातून डोकावत असल्यामुळे नाना लांबून बारा महिने ढगाळ दिसतात. दिवसभर थकबाकीदारांना नोटिसा धाडून ते घरी येतात, चहा घेतात, आणि मग त्यांची खासगी वसुली सुरू होते. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात फिनिक्स शहर आहे. तिथल्या फ्लॉट्सम अँड जेट्सम नावाच्या बँडचं जगाकडून येणं आहे. १९८६ पासून थकलेलं आहे. जग मोठं, नाना एकटे. तेव्हा जगातर्फे जो समोर सापडेल त्याने ते भागवायचं. लिफ्ट बंद असली की जिन्यात बहुधा मी सापडतो.

थ्रॅश मेटल म्हणजे काय हे नाना मला पूर्वी समजावून सांगत, आता गृहीत धरतात. ज्यांना गृहीत धरता येणार नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात आयर्न मेडनसारख्या बँडांनी हेवी मेटलमध्ये नवा जोर आणला, अमेरिकेतल्या पोरांनी त्याला हार्डकोर पंकचा वेग जोडला, गिटारच्या तारा तळहाताने दाबून त्यांतून खरखर काढली, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हा प्रकार जन्माला आला. मेटॅलिका, स्लेयर, मेगाडेथ आणि अँथ्रॅक्स हे त्यातले ‘बिग फोर’. हे चारच कोणी ठरवले, त्याची सभा कधी झाली, आणि सभा झाली असेल तर इतिवृत्त कुठे आहे, असा नानांचा सवाल असतो. सहकारी क्षेत्रात आयुष्य गेल्यामुळे इतिवृत्ताशिवाय झालेली कुठलीच निवड त्यांना मान्य नाही.

प्रकरणाची हकिकत ते नेहमी भूगोलापासून सुरू करतात. “थ्रॅश कुठे फोफावला? सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी. एक्झोडस तिथला, टेस्टामेंट तिथला, डेथ एंजल तिथला. मेटॅलिका मूळची लॉस एंजेलिसची, पण १९८३ मध्ये उठून तीसुद्धा तिथेच गेली. आता फिनिक्सला खाडी आहे का? वाळवंट आहे! ठाण्याला खाडी आहे, पण ठाण्याला बँड नाही. फिनिक्सला बँड आहे, पण खाडी नाही. न्याय कुठे आहे?” न्याय कुठे आहे हे मला माहीत नसतं. मी दुधाची पिशवी घेऊन वर चाललेला असतो.

ठाण्याला बँड नाही, हे काही खरं नाही. ठाण्याला बँड आहेत, पण ते सध्या आहेत, आणि सध्या असलेल्या गोष्टींवर अन्याय व्हायला अजून वेळ आहे, म्हणून नाना त्यांच्याकडे लक्ष देत नाहीत.

तर, ४ जुलै १९८६ रोजी या बँडचा पहिला अल्बम आला. नाव ‘डूम्सडे फॉर द डिसीव्हर’. मुखपृष्ठावर एक अक्राळविक्राळ प्राणी, त्याला बँडवाले फ्लॉटझिला म्हणतात. गायक एरिक ए. के., ड्रमवर केली डेव्हिड-स्मिथ, गिटारवर एडवर्ड कार्लसन आणि मायकेल गिल्बर्ट. बेस गिटार वाजवणारा पाचवा इसम होता. त्याचं नाव नाना घेत नाहीत. का घेत नाहीत ते पुढे येईलच. इंग्लंडच्या ‘केरँग!’ मासिकाने या अल्बमला गुण दिले. त्या मासिकात पाचपैकी गुण देण्याची पद्धत होती. या अल्बमला सहा दिले.

“पाचपैकी सहा!” नाना हे सांगताना हाताची पाच बोटं उघडतात आणि सहावं बोट माझं धरतात. “अरे, मी तेहतीस वर्षं वसुलीत काढली. शंभर टक्के वसुली मी आयुष्यात एकदा पाहिली, तीसुद्धा कर्जदार वारल्यावर. आणि इथे एकशेवीस टक्के! आणि तरी लोक विचारतात, कोण हे?”

लोक विचारत नाहीत. तेच तर दुखणं आहे. लोकांनी “कोण हे?” असं नुसतं विचारलं असतं तरी नानांचा जन्म सार्थकी लागला असता.

पहिल्याच अल्बमला पाचपैकी सहा पडल्यावर त्या पोरांना आपण आता मोठे झालो असं वाटलं असेल तर त्यांची चूक म्हणता येणार नाही. पण त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मेटॅलिकाचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ आलेला होता आणि ऑक्टोबरमध्ये स्लेयरचा ‘रेन इन ब्लड’ यायचा होता. या दोन्हींच्या मध्ये जुलै येतो. एवढंच कारण पुरेसं होतं, पण नानांना ते पुरत नाही. त्यांना माणूस लागतो. आणि माणूस मिळाला. २७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमध्ये मेटॅलिकाची बस उलटली आणि त्यांचा बेसवादक क्लिफ बर्टन गेला. चोवीस वर्षांचा होता. मेटॅलिकाने नवा बेसवादक शोधायला सुरुवात केली, ओळखीपाळखीत विचारणा झाली, आणि ब्रायन स्लेगलने एक नाव सुचवलं. हा स्लेगल म्हणजे मेटल ब्लेड कंपनीचा मालक, आणि ‘डूम्सडे’चा निर्माता. ज्याने अल्बम काढला त्यानेच त्या अल्बमचा बेसवादक उचलून देऊन टाकला. जेसन न्यूस्टेड. गाण्यांचे शब्द बरेचसे त्यानेच लिहिलेले, बँडची व्यवस्था बघणारा तोच. अल्बम येऊन चार महिने होतात न होतात तोच तो मेटॅलिकाचा झाला.

नाना त्याला नुसतं “तो” म्हणतात. ज्या स्वरात जुन्या बायका नवऱ्याला “ते” म्हणत त्या स्वरात नाही. वसुली खात्यात जामीनदाराविषयी बोलताना जो स्वर लागतो, त्यात.

“बरं, गेला तर गेला. मेटॅलिकाने बोलावल्यावर मी असतो तर मीसुद्धा गेलो असतो,” नाना एकदा म्हणाले. असं काही उदारपणाचं बोलले की पुढे मोठा हल्ला येणार हे मला आता ठाऊक झालं आहे. “पण गेल्यावर काय झालं? १९८८ ला अल्बम आला. त्यात त्याचा बेस ऐकू येतो?”

येत नाही. यात नानांचा कणभरही अतिरेक नाही. सगळ्या जगाने हे मान्य केलं आहे. त्या अल्बमच्या अंतिम ध्वनिमिश्रणात बेस इतका खाली दाबला गेला की कान भिंतीला लावून बसलं तरी सापडत नाही. त्या अल्बमचं नाव ‘अँड जस्टिस फॉर ऑल’. इथे नाना थांबतात, पाणी पितात, मला हसायला वेळ देतात. मी दर वेळी हसतो. खरं तर दर वेळी हसू येतंच.

“म्हणजे त्याचा बेस ऐकायचा असेल तर कुठे ऐकायचा?” हा प्रश्न परीक्षेतला असतो. उत्तर: ‘डूम्सडे’वर. आणि ते बरोबर आहे. तिथे बेस नुसता ऐकू येत नाही, तो गिटारींच्या पुढे येऊन उभा राहतो, घाईत असतो, मध्येमध्ये बोलतो. अख्खा माणूस ऐकायचा असेल तर तो तिथेच आहे.

नानांकडे हा अल्बम आला तो गोव्याच्या वाटेने. कॉलेजात त्यांचा एक माहीमचा मित्र होता, मूळ गोव्याचा. त्याचा मामा तारवटी, बोटीवर नोकरीला. तो कुठल्याशा बंदरातून एलपी घेऊन आला. मित्राने ती नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर उतरवून दिली. एका बाजूला ‘डूम्सडे’ आणि दुसऱ्या बाजूला मामाच्या आवडीची जिम रीव्हजची गाणी, कारण कॅसेट मामाची होती. आता नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची, आणि अल्बम त्याहून लांब. त्यामुळे शेवटी शेवटी ‘डेर फ्युरर’ नावाचं गाणं ऐन भरात आलं की खट् आवाज होऊन संपायचं. गाणं हिटलरवर आहे. नानांच्या कॅसेटवर हिटलरचा निकाल कित्येक वर्षं लागलाच नाही.

पुढे सीडी मिळाली आणि नानांनी ते गाणं पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. त्यांना ते आवडलं नाही. शेवट ओढूनताणून लावल्यासारखा वाटतो, असं त्यांचं मत पडलं. आजही ‘डेर फ्युरर’ ठरावीक जागी आलं की ते बोट पुढे करून बंद करतात आणि तोंडाने “खट्” म्हणतात.

हा अल्बम नाना ऐकत नाहीत. ते त्याला पुन्हा भेटतात. वर्षातून काही वेळा, बहुतेक रविवारी, वहिनी माहेरी किंवा भिशीला गेलेल्या असताना ‘पुनर्भेट’ ठेवलेली असते. मला आमंत्रण असतं. येताना काही आणायचं नाही, मोबाइलसुद्धा नाही. सोफ्यावर बसायचं नाही, कारण सोफ्यावर माणूस मागे रेलतो आणि रेललेल्या माणसाला थ्रॅश कळत नाही. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या स्पीकरसमोर मांडलेल्या असतात. खिडक्या बंद, पंखा एकवर. चहा अल्बमच्या आधी, पोहे नंतर. मध्ये काही नाही. पहिलं गाणं ‘हॅमरहेड’ सुरू होण्याआधी नाना डोळे मिटतात आणि दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवतात. बाहेरून कोणी पाहिलं तर सत्यनारायणाला बसल्यासारखे वाटावेत.

ऐकताना त्यांना माझ्याकडून प्रतिक्रिया हवी असते, पण ती योग्य जागी हवी असते. चुकीच्या जागी मान हलवली तर ते डोळे न उघडता “अजून नाही” म्हणतात. चौथं गाणं ‘फेड टु ब्लॅक’ लागलं की त्यांच्या चेहऱ्यावर जुनी जखम उघडते. याच नावाचं मेटॅलिकाचं गाणं दोन वर्षं आधीच येऊन जगभर गाजलेलं. तेही संथ, लांब, लोकांना रडवणारं. हे गाणं दोन मिनिटांत आपटून मोकळं होतं. त्यातून हे नाव कोणाला सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, “अरे हो, माहितीये, मेटॅलिकाचं ना?” नानांनी या एका वाक्यापायी दोन चुलतभावांशी बोलणं टाकलं आहे.

सातवं गाणं ‘शी टुक ॲन ॲक्स’. ते लिझी बोर्डनवर आहे. १८९२ मध्ये अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्सच्या फॉल रिव्हर गावी तिच्या वडिलांचा आणि सावत्र आईचा कुऱ्हाडीने खून झाला, आळ तिच्यावर आला, आणि पुढच्या वर्षी ज्यूरीने तिला निर्दोष सोडलं. ही गोष्ट नानांनी एकदा त्यांच्या घरच्या हळदीकुंकवाला, वाण लुटून झाल्यावर उरलेल्या बायकांना सांगितली. बायका सासू-सुनेच्या मालिका रोज बघणाऱ्या. त्यांनी तपशील विचारायला सुरुवात केली. कुऱ्हाड सापडली का? मोलकरीण कुठे होती? इस्टेट कोणाच्या नावावर होती? नानांकडे सगळी उत्तरं होती. इतक्या वर्षांत नानांच्या बोलण्याला असा श्रोतृवर्ग लाभला नव्हता. मग आपण म्हणतो त्या अल्बममध्ये याच गोष्टीवर गाणं आहे, असं सांगून त्यांनी ते लावलं. पहिल्या अर्ध्या मिनिटात चार बायका उठल्या. उरलेल्या एका आजींना ऐकू कमी येतं. त्या सात मिनिटं बसल्या आणि शेवटी म्हणाल्या, “चांगलं म्हणतो मुलगा, पण त्याला म्हणावं गळा सांभाळ.” एरिक ए. के.च्या आवाजाबद्दल याहून नेमकी समीक्षा मी कुठे वाचलेली नाही.

माझं स्वतःचं मत नानांना सांगण्याची सोय नाही, म्हणून इथे सांगतो. अल्बम चांगला आहे. पाचपैकी सहा नाही. ध्वनिमुद्रण पातळ आहे, ड्रम खोक्यात ठेवून वाजवल्यासारखे येतात. शब्द विशीतल्या मुलांनी लिहावेत तसे आहेत, म्हणजे त्यात मृत्यू फार आहे आणि मेलेलं कोणी नाही. गायकाला वरचा सूर लागतो हे कळल्यापासून तो खाली यायलाच तयार नाही. एका गाण्यात तीन गाण्यांचा ऐवज कोंबलेला असतो, आणि त्यातलं दुसरं गाणं सहसा सगळ्यांत चांगलं असतं. पण ज्याचं नाव अल्बमला दिलं आहे ते नऊ मिनिटांचं गाणं खरोखर बांधीव आहे. इतका वेळ वेग चढवायचा, उतरवायचा आणि ऐकणाऱ्याचं बोट सोडायचं नाही, हे त्या वयात सोपं नसतं. दोन गिटारी बरोबरीने वर चढतात तेव्हा आयर्न मेडनची उसनवारी दिसते, पण उसनं आणलेलं त्यांनी वापरलं आहे, कपाटात ठेवलेलं नाही. मी हे गाणं नानांच्या नकळत एकटा असताना ऐकतो. सोफ्यावर रेलून.

नानांसारखी माणसं एकटी नसतात, आणि हे त्यांच्या लक्षात आलं की त्यांना फार वाईट वाटतं. नव्वदीच्या आसपास मुंबईत धोबी तलावला रंगभवन होतं, उघड्यावरचं. तिथे ‘इंडिपेन्डन्स रॉक’ महोत्सव भरायचा आणि पावसात भिजत पोरं मान हलवायची. पुढे तो भाग शांतता क्षेत्रात असल्यामुळे तिथले कार्यक्रम बंद झाले. मान हलवणारी ती पोरं आता स्पाँडिलायटिसचे पट्टे लावून फोर्टातल्या एका इराण्याकडे महिन्याच्या एखाद्या शनिवारी जमतात. काळा घोड्यावरचं रिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं तेव्हापासून त्यांना जमायला दुसरी जागा नाही. मी एकदा नानांबरोबर गेलो होतो.

तिथे प्रत्येकाचा एकेक दुर्लक्षित बँड आहे आणि प्रत्येकाचा पहिलाच अल्बम थोर आहे. विमा कंपनीतले एक गृहस्थ होली टेररच्या ‘टेरर अँड सबमिशन’चे. एक दातांचे डॉक्टर टॉक्सिकच्या ‘वर्ल्ड सर्कस’चे. दोन्ही १९८७ चे. तिसरे, महापालिकेत पाणी खात्यात असलेले, इंग्लंडच्या सॅबटचे. ते इतरांना अमेरिकाधार्जिणे समजतात. आपला बँड किती भारी हे तिथे कोणी सांगत नाही. आपल्या बँडला कोणी कसं विचारलं नाही हे सांगतात, आणि त्यात चढाओढ असते. नानांनी केरँगचे सहा गुण काढले तेव्हा दातांचे डॉक्टर थंडपणे म्हणाले, “म्हणजे दखल घेतली होती. मग दुर्लक्षित कसला?” नानांच्या हातातला ब्रून मस्का चहाच्या वर तसाच राहिला. पाणी खात्याने री ओढली: “आणि बेसवाला मेटॅलिकात गेला. म्हणजे नाव तर जगभर झालं.” त्या टेबलावर ही शिवी आहे.

शेवटी बाजी मारली ती कोपऱ्यात इतका वेळ गप्प बसलेल्या एका पारशी गृहस्थांनी. त्यांचा बँड रंगभवनात वाजवायचा. त्यांनी अल्बम काढलाच नाही. काढायला पैसे नव्हते, काढून देणारी कंपनी नव्हती. एक डेमो केला होता, त्याची कॅसेट दमट हवेने गेली. आता तो बँड ऐकणंच शक्य नाही. सगळे गप्प झाले. इतकं संपूर्ण दुर्लक्ष कोणाच्याच वाट्याला आलं नव्हतं. बिल त्या दिवशी त्यांना कोणी देऊ दिलं नाही.

परतीच्या लोकलमध्ये नाना बोलले नाहीत. मुलुंड गेल्यावर म्हणाले, “आपल्या बँडने अल्बम काढायला नको होता.”

२०११ च्या ऑक्टोबरात मेटॅलिका भारतात आली. दिल्लीजवळ गुडगावचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला, पण ३० तारखेचा बंगळूरचा झाला, पॅलेस ग्राउंड्सवर. नाना उद्यान एक्सप्रेसने गेले. “तुम्हाला तर मेटॅलिका नको असते,” मी म्हटलं. “नको आहे हे समोर जाऊन सांगायला नको?” ते म्हणाले. तोपर्यंत ‘त्या’ला मेटॅलिका सोडून दहा वर्षं झाली होती, त्याच्या जागी रॉबर्ट ट्रुहीयो वाजवत होता; म्हणजे ज्याच्याशी भांडण तो तिथे नव्हताच. तरीही हजारो लोकांच्या गर्दीत, दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत, नाना बेंबीच्या देठापासून “हॅमरहेड!” असं ओरडले. पुढच्या पोराने वळून पाहिलं आणि विचारलं, “अंकल, कोणत्या अल्बममधलं?” नाना सांगतात की त्या पोराला त्यांनी तिथेच सगळी हकिकत सांगितली, भूगोलापासून. मेटॅलिका त्या वेळी काय वाजवत होती हे त्यांना आठवत नाही.

नानांच्या या संसाराला खरा धोका दोन दिशांनी आहे. एक, तो बँड जिवंत आहे. मोडला नाही, कुढला नाही. माणसं आली गेली, पण एरिक ए. के. अजून गातो आणि २०२४ मध्येसुद्धा त्यांनी नवा अल्बम काढला. मुलाखतीत ते लोक बऱ्यापैकी खूश दिसतात. ज्याच्यासाठी वसुली चालली आहे तो खातेदारच तक्रार करत नाही म्हटल्यावर वसुली अधिकाऱ्याने काय करायचं? अल्बमला वीस वर्षं झाली तेव्हा, २००६ मध्ये, मेटल ब्लेडने तो नव्याने मिश्रण करून, सजवून, डीव्हीडीसकट पुन्हा काढला. कुठल्याही हिशेबात ही रक्कम जमेला धरावी लागेल. नानांनी तो संच मागवला, पण वरचं प्लास्टिक फोडलेलं नाही. फोडलं तर पोच द्यावी लागेल.

दुसरा धोका घरातला. त्यांचा पुतण्या, अकरावीतला, दिवाळीत राहायला आला होता. नानांनी त्याला खुर्चीत बसवलं, भूगोल सुरू केला. सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत आल्यावर तो म्हणाला, “नानाकाका, ऐकलाय मी हा. फोनवर आपोआप लागला होता. एकदम भारी आहे.”

नाना बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. “आवडला?”

“हो. टायटल साँग तर मी जिममध्ये लावतो.”

“पहिल्यांदाच आवडला?”

“हो म्हणजे काय, लगेच.”

त्या दिवशी नाना जेवले नाहीत. वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, एवढी वर्षं कोणी ऐकत नाही म्हणून रडत होते. आता पोराने ऐकलं तर तोंड पाडून बसलेत. यांना नक्की हवंय तरी काय?” मी काही बोललो नाही. इतकी वर्षं जपलेली थकबाकी एका अकरावीतल्या पोराने, कोणी न मागता, जिममध्ये घाम पुसता पुसता फेडून टाकली होती.

चार दिवसांनी नाना जिन्यात भेटले. थोडे सावरले होते. अल्बम ठीकच आहे, पण खरा बँड १९८५ च्या डेमोंमध्ये आहे, असं म्हणाले. एक ‘आयर्न टियर्स’ आणि एक ‘मेटलशॉक’. पण त्यात दम नव्हता. डेमोसुद्धा पुतण्याने त्याच संध्याकाळी शोधून काढले.

मग परवा रात्री साडेदहाला त्यांनी आमची बेल वाजवली. अंगात घरातला बनियन, डोळ्यांत तीच जुनी चमक, हातात एक सीडी. ‘नो प्लेस फॉर डिसग्रेस’, १९८८, बँडचा दुसरा अल्बम.

“अरे, हा बघ. हा कोणी ऐकतच नाही! सगळे आपले पहिल्याच्या मागे. पहिला थोर, पहिला थोर. त्या पहिल्याचा इतका गवगवा करून ठेवलाय लोकांनी की या बिचाऱ्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.”

“कोणी केला गवगवा?” मी विचारलं.

“लोकांनी रे,” नाना म्हणाले. “रविवारी ये. सकाळी. एल्टन जॉनचं एक गाणं घातलंय त्यांनी मध्ये, तेवढं सोडून देऊ. आणि पुतण्याला सांगू नकोस.”